नळाचे पाणी आणि काचपेटीतील झिंगा

नळाचे पाणी उघड्या बादलीत एक अहोरात्र ठेवले म्हणजे त्यातील क्लोरीन बहुतांशी उडून जातो. परंतु तेच पाणी आपल्या रिवाजाप्रमाणे तांब्याच्या हंड्यात साठवले, तर मनुष्यास हितकर मानलेला तो धातू काचपेटीत पाळल्या जाणाऱ्या चेरी झिंग्यास अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरतो, ही ताकीद सर्वांत आधी ध्यानी धरावी. पाण्यातील चुना मात्र कवचास उपकारकच. या झिंग्याची मादी 20-30 अंडी उदराखाली धरून, इवल्या पायांनी त्यांवर अखंड ताजे पाणी खेळवीत असते, आणि 3 ते 4 आठवड्यांनी कणीएवढी, हुबेहूब आईसारखी पिले बाहेर पडतात. किती नाजूक ती! आमच्या नाचणगावच्या वैशाखात पेटी गारव्यालाच हवी, कारण 30 अंशांपुढील ऊन पाणी हा जीव फार काळ सोशीत नाही.