पाळ कोणाची?

भंडारा जिल्ह्याचा वारसा म्हटला की लोक पवनीचे स्तूप आणि अंबागडचा किल्ला दाखवतात. दाखवावेतच. पण साकोली तालुक्यातल्या सिवनीबांधसारख्या लहान गावाचा वारसा त्याच्या तलावाच्या पाळीवर उभं राहिल्यावरच कळतो. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांनी नवेगावच्या तलावाच्या पंगतीत सिवनीच्या तलावाला बसवलं आहे.

हे तलाव बांधले कोहळ्यांनी. आपण काशीकडून आलो असं सांगणारा हा समाज गोंड राजांच्या आश्रयाने इथे स्थिरावला. तलाव बांधेल त्याला जमीन, असा राजांचा शिरस्ता होता. टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरवायचा. उतार नजरेनेच जोखणारी माणसं ती. तुडूम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी पाटाने धानाच्या बांध्यांत आणि उसात पोचे.

मला या मातीकामाहून मोलाची वाटते ती त्यामागची वहिवाट. 1860 च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात गावं मालगुजारांच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, मालकीची झाली, तरी पाण्याचे आणि निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वापराचे, रिवाज वाजिब-उल-अर्ज या गावाच्या दस्तऐवजात नोंदले गेले. उन्हाळ्यात गाळ निघे, तो शेतात जाई. पाळीची डागडुजी गाव करी. मालगुजाराची जरब होती, वेठही होती. ती गेली हे चांगलंच झालं.

31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. तलाव सरकारचे झाले आणि पाळ कोणाचीच उरली नाही. भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्रात आला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली, बुडीतात शेती घुसली. पूर्व विदर्भात असे 6,862 मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव सरकारदप्तरी आहेत.

अलीकडे गाळ काढायच्या योजना आल्या, त्यांची गरजच होती. पण यंत्राने तळ सरसकट खरवडला की काठाचा उथळ उतार जातो. त्याबरोबर पाणवनस्पती, देशी मासे आणि हिवाळी पाखरंही जातात. भंडारा-गोंदियातल्या काही ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, संस्थांनी अभ्यासकांच्या साथीने स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, तेव्हा मासळी परतली. म्हणून कुठल्याही तलावात यंत्र उतरण्याआधी गावाचं वाजिब-उल-अर्ज ग्रामसभेत वाचावं, पाण्याचा रिवाज ढिवर आणि भूमिहीनांसकट नव्याने ठरवावा आणि पाळीची जबाबदारी नावानिशी लिहून ठेवावी.