थकवा कामाचा की साहेबाचा?

गेल्या रमजानमध्ये आमचा थोरला मुलगा इफ्तारला घरी असूनही घरी नसायचा. एका हातात खजूर, दुसऱ्या हातात मोबाइल. साहेबांचा मेसेज आला की घास तसाच राही. रविवारी संध्याकाळ झाली की त्याचं पोट दुखू लागे. आम्ही म्हणायचो, "बेटा, नोकरी म्हटली की ताण आलाच. सब्र कर."

पुढे साहेब बदलले. काम तेवढंच, पगार तोच. पण पोटदुखी थांबली. नवे साहेब सकाळीच सांगत, कोणतं काम आज हवं आणि कोणतं उद्या चालेल. चूक झाली तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन समजावत. रात्री फोन नाही. आम्ही भलत्यालाच सब्र शिकवत होतो!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा थकव्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, नोंद घेतली. त्याच्या तीन खुणा: अंगातलं त्राण जाणं, कामाविषयी कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही. नोकरीतला ताण साचत गेला आणि त्याची वेळीच दखल घेतली गेली नाही, की ही अवस्था येते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी तिची सहा कारणं मांडली: कामाचा बोजा, आपल्या कामात आपलंच न चालणं, मोबदला व कौतुकाची उणीव, सहकाऱ्यांशी दुरावा, अन्याय आणि मनाला न पटणारं काम. यांतल्या बहुतेक गोष्टी वरिष्ठांच्या हातात असतात.

पण बोट फक्त साहेबाकडे दाखवून कसं चालेल? दुकानातल्या पोऱ्याचे, घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचे साहेब आपणच आहोत. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षं प्रेषितांची (स.) सेवा केली. त्या काळात प्रेषित आपल्याला एकदाही 'उफ्' म्हणाले नाहीत, असं ते सांगत. आपण दिवसातून किती वेळा म्हणतो?

आता आम्ही घरात दोन गोष्टी ठरवल्या आहेत. बाईंची सुटी ठरलेल्या दिवशी, न मागता. आणि मुलगा थकून आला, तर सब्राचा सल्ला देण्याआधी त्याला विचारायचं, "आज काय झालं, बेटा?"