मॉनिटर वाजतोय, पण कशासाठी?

आयसीयूत आपला माणूस असला की सगळ्या घराचा जीव त्या टीव्हीसारख्या मॉनिटरवर टांगलेला असतो. तो वाजला की पोटात गोळा येतो. सिस्टर येतात, काहीतरी नीट करतात, बटण दाबतात आणि पुढच्या खाटेकडे पळतात. असं दहा वेळा झालं की आपणही म्हणू लागतो, ‘हा असाच वाजतो.’ धोका इथूनच सुरू होतो.

दोन प्रकारचे अलार्म

पहिला अलार्म पेशंटचा. नाडी फार वाढली, ऑक्सिजन उतरला, बीपी पडलं, की तो वाजतो. दुसरा मॉनिटरचा स्वतःचा, म्हणजे तांत्रिक. तार सुटली, बोटाचा चिमटा घसरला, बॅटरी संपत आली, की तो वाजतो आणि पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन शब्द येतात. लाल रंग बहुधा सर्वांत तातडीचा, पिवळा त्याखालचा. पण केवळ रंगावर विसंबू नका.

नेहमी दिसणारे शब्द

‘लीड ऑफ’: छातीवरची चिकटपट्टी किंवा तिची तार सुटली. घामाने, छातीवरच्या केसांमुळे किंवा पट्टीवरचा जेल सुकल्याने असं होतं. नवी पट्टी सिस्टरच लावतील.

‘प्रोब ऑफ’ किंवा ‘वीक सिग्नल’: बोटाचा चिमटा घसरला, किंवा बोटात रक्त पुरेसं पोहोचत नाही. हात गार पडला, बीपी कमी झालं, नखांना नेलपॉलिश किंवा काळी मेंदी असली, तरी आकडा नीट येत नाही. चिमटा आणि बीपीचा पट्टा एकाच हाताला असेल, तर पट्टा फुगताना बोटाचा रक्तपुरवठा अडतो आणि ऑक्सिजनचा आकडा गायब होतो. म्हणून चिमटा शक्यतो दुसऱ्या हाताला लावतात.

‘कफ लूज’ किंवा ‘एअर लीक’: बीपीचा पट्टा सैल आहे, किंवा कुठून तरी हवा गळतेय. पट्टा मापाचाही हवा. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर बीपी खोटंच कमी दिसतं, जाड दंडाला लहान लावला तर खोटंच जास्त.

‘लो बॅटरी’: मॉनिटरची वीज तुटली आहे. मोबाईल चार्जिंगला लावायला कुणी प्लग काढला, असंही वॉर्डात होतं. खाटेजवळच्या प्लगला कधीच हात लावू नका.

‘तांत्रिक’ म्हणजे ‘किरकोळ’ नाही

चिमटा निघालेला असतो तेवढा वेळ ऑक्सिजनवर कुणाचंच लक्ष नसतं. त्या वेळात पेशंट बिघडला तर मॉनिटर ते सांगू शकत नाही. शिवाय सारखे खोटे अलार्म ऐकून कानाला सवय लागते आणि खरा अलार्म हुकतो. अमेरिकेत रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेकडे जानेवारी 2009 ते जून 2012 या काळात अलार्मशी संबंधित 98 घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या 80 जणांचा जीव गेला. आपल्या सरकारी दवाखान्यांत रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात, हे मी ड्युटीवर असताना पाहिलं आहे. दोष त्या एकट्या बाईला देऊन भागणार नाही. पदं भरा, ही मागणी आपण सगळ्यांनीच लावून धरली पाहिजे.

सावळ्या माणसांनी ध्यानात ठेवावं

2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चिमट्याचा आकडा आणि रक्त तपासून काढलेला आकडा ताडून पाहिला. चिमटा 92 ते 96 दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन 88 च्या खाली निघालेल्या तपासण्या गोऱ्या रुग्णांमध्ये 3.6 टक्के होत्या, काळ्यांमध्ये 11.7 टक्के. म्हणून आकडा चांगला दिसला तरी माणसाला दम लागत असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मॉनिटर वाजला तर

1. आधी आपला माणूस पाहा, मग पडदा. तो बोलतोय का? छाती वरखाली होतेय का? ओठ निळे पडलेत का? दरदरून घाम आलाय का?

2. लगेच सिस्टरला हाक मारा. ‘पेशंट हाकेला ओ देत नाही’ किंवा ‘बोटाचा चिमटा निघालाय’ असं नेमकं सांगा. त्याने त्यांचाही वेळ वाचतो.

3. माणूस ठीक दिसला तरी अलार्म चालू असेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

4. आवाज बंद करायचं बटण आपण दाबायचं नाही. पडद्यावर काट मारलेली घंटी दिसली तर आवाज बंद केलेला आहे. तो का बंद केला आणि कधी सुरू होणार, हे विचारा.

विचारताना संकोच नको. ‘तुम्हाला काय कळतंय’ असं कुणी म्हणालं, तरी शांतपणे पुन्हा विचारा. आपल्या माणसाच्या तब्येतीची माहिती मिळणं हा हक्क आहे. वस्तीतल्या मंडळाच्या बैठकीत ही माहिती वाचून दाखवा. दवाखान्यात पहिल्यांदाच जाणाऱ्याला तिचा सर्वांत जास्त उपयोग होईल.