घोडेबाजारातले समज आणि घोड्याचे पाय

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात मारवाडी, काठेवाडी, नुकरा असे सगळे घोडे एका जागी पाहायला मिळतात. पहिल्यांदा घोडा घेणाऱ्याची नजर मात्र आधी जाते ती रंगावर आणि भोवऱ्यावर.

गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असेल तर भाव चढतो, डोळ्याखाली भोवरा दिसला की उतरतो. भोवरा म्हणजे केस वळण्याची दिशा. पायातल्या ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. पुढे विकायचा विचार असेल तर तो पाहावा लागतो, कारण पुढचं गिऱ्हाईकही तेच पाहणार. घोडा सवारीलाच हवा असेल तर भोवऱ्यापायी चांगलं जनावर सोडू नका.

‘दात पाहिले की वय कळतं’ हे पाचव्या वर्षापर्यंत बरंचसं खरं आहे. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना बदलतात. त्यानंतर झिजेवरून अंदाजच बांधायचा. बारा की पंधरा, हे दात पाहून छातीठोक कुणी सांगू नये.

ढोलावर नाचणारा घोडा सवारीलाही तयार असतो, हा समज तर महागात पडतो. नाच ही वेगळी शिकवण आहे.

खरा वेळ द्यायचा तो पायांना. गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवा, दोन्ही पाय ताडून पाहा: एक गरम लागतो का, सूज आहे का? चारही खूर उचलून पाहा. खालून काळा, घाण वासाचा चिकट थर असेल तर खूर सडतो आहे. मग दोर सैल सोडून कडक जमिनीवर सरळ दुडक्या चालीने पळवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. वेदनाशामक इंजेक्शनाने हे लपवता येतं, म्हणून दोन-चार दिवसांनी, न कळवता, पुन्हा पाहावं.

बाजारात ते जमत नाही. बाजार तुलनेसाठी उत्तम. पण पहिला घोडा पैदास करणाऱ्याच्या दारातून घ्यावा, असं माझं मत आहे. तिथे घोडी, म्हणजे आई पाहता येते, आणि जनावर दावणीला कसं वागतं तेही. शिंगरू ‘आपल्या हाताखाली तयार होईल’ म्हणून घेऊ नये. नवशिक्याला आठ-दहा वर्षांचा, शांत, सवारीत मुरलेला घोडाच बरा. घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, तेव्हा हे वय म्हातारपणाचं नाही.

आणि धडधाकट दिसणारा घोडा निरोगी असेलच असंही नाही. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. त्यावर लस नाही आणि बाधित जनावर कायद्याने मारावं लागतं. म्हणून रक्ततपासणीचा ताजा अहवाल मागा. त्यातलं रंग-खुणांचं वर्णन, मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर, समोरच्या घोड्याशी जुळवून पाहा. पशुवैद्यकही आपला आपण न्यावा, विकणाऱ्याने बोलावलेला नको. इसार त्यानंतरच द्या.