0.5, 8 आणि 26 टक्के: हे नेमके कशाचे टक्के?

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. "अगं, आपल्या चिंगीचं ऑपरेशन आता करून काही उपयोग नाही म्हणे. दोनदा माजावर आल्यावर केलं तर 26 टक्के कुत्र्यांना कॅन्सर होतो!" व्हॉट्सॲपवर तिला कुणीतरी तसं पाठवलं होतं. मी संख्याशास्त्रात पीएचडी करते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न होता, 26 टक्के म्हणजे कशाचे?

हे आकडे 1969 च्या एका अमेरिकन अभ्यासातले आहेत. त्यात स्तनाचा कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या माद्यांची तुलना केली होती. पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर 0.5 टक्के, एका माजानंतर 8 टक्के, आणि दोन किंवा जास्त माजांनंतर 26 टक्के. पण हे टक्के कुत्र्यांचे नाहीत, धोक्याचे आहेत. म्हणजे नसबंदी न झालेल्या मादीला जेवढा धोका, त्याच्या 26 टक्के.

समजा, नसबंदी न केलेल्या 100 माद्यांपैकी 10 जणींना गाठ होते. मग दोन माजांनंतर ऑपरेशन झालेल्या 100 जणींमध्ये हा आकडा अडीचच्या आसपास येईल, 26 नाही. याला सापेक्ष धोका म्हणतात. मूळ धोका किती ते माहीत नसेल तर नुसत्या सापेक्ष आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. आईने नेमका उलटा अर्थ घेतला होता. हा अभ्यास खरा मानला, तर चिंगीला अजूनही फायदाच होता.

पण खरा मानावा का? 2012 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी या प्रश्नावरचे इंग्रजी पेपर पद्धतशीर तपासले. निकषात बसले फक्त 13. त्यातल्या 9 मध्ये पूर्वग्रहदोषाचा धोका जास्त होता, उरलेल्या 4 मध्ये मध्यम. म्हणजे फायदा नाही असं सिद्ध झालं का? नाही. पुरावा कच्चा आहे, एवढंच सिद्ध झालं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता आयुर्मान बघू. 2013 च्या एका पेपरमध्ये उत्तर अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय शिक्षण-रुग्णालयांतल्या 40,139 कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी होत्या. नसबंदी झालेल्यांचं सरासरी आयुष्य 9.4 वर्षं, न झालेल्यांचं 7.9. वाटतं, दीड वर्ष वाढलं की! पण थांबा. ऑपरेशन होण्यासाठी कुत्रा आधी तेवढा जगावा लागतो. लहानपणीच मेलेलं पिल्लू आपोआप "न झालेले" या रकान्यात जातं. शिवाय जो मालक ऑपरेशन करतो, तो लसही देतो आणि कुत्र्याला मोकाट सोडत नाही. नसबंदी झालेल्यांमध्ये संसर्ग आणि अपघाताने मृत्यू कमी होते, कर्करोगाने जास्त.

आणि सगळ्या कुत्र्यांना एकच नियम लागू नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात 759 गोल्डन रिट्रीव्हरांचा अभ्यास झाला. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी 10 टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा आजार होता, न झालेल्यांच्या दुप्पट.

मग पक्कं काय? गर्भाशयात पू होण्याचा आजार. स्वीडनमध्ये सरसकट नसबंदी करत नाहीत, त्यामुळे तिथल्या विम्याच्या नोंदी इथे कामाच्या. 2001 च्या अभ्यासानुसार दहा वर्षांची होईपर्यंत सुमारे एक चतुर्थांश माद्यांना हा आजार होतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर तो जिवावर बेततो. अंडाशय आणि गर्भाशयच काढले तर हा धोका जवळपास संपतो. इथे संख्याशास्त्राची कसरत नाही, कारण थेट दिसतं. नको असलेली पिल्लंही टळतात.

आईला मी एवढंच सांगितलं, "कॅन्सरचं सोड. पू होऊ नये म्हणून करूया. भूल आणि वजनाबद्दल डॉक्टरांना विचार." चिंगी गावठी आहे, दोन वर्षांची. मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. टाके चाटू नये म्हणून घातलेली गळ्यातली कॉलर तिला अजिबात आवडलेली नाही.

तुम्ही उद्या सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा तसाच उचलण्याचा मोह होईल. मूळ पेपर उघडा आणि तीन प्रश्न विचारा. कशाचे टक्के? कुणाशी तुलना? आणि जे नोंदीत आलेच नाहीत, ते कुठे गेले?