पाहुण्या सुरांचा हंगाम : बैहर परिसरातील हिवाळी नृत्यपथके

संगीत-कंपनीच्या करारात न अडकता स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या आणि ती श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष सादर करणाऱ्या वाद्यवृंदांना शहरात ‘इंडी बँड’ म्हणतात. हिवाळ्याच्या सुट्टीत अशा बँडांच्या मागोमाग एका मैफलीहून दुसऱ्या मैफलीला जाणारा रसिकवर्ग महाराष्ट्रातही तयार झाला असून, पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’ या महोत्सवाने त्याला हक्काचे ठिकाण मिळवून दिले. मात्र स्वतंत्र कलावंत, हिवाळ्याचा मोसम आणि गावोगावची भ्रमंती ही त्रयी शहराने प्रथम घडवली असे मानणे बरोबर होणार नाही. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या बैहर तालुक्यात, मैकल डोंगररांगेच्या पठारावर, गोंड आणि बैगा या समाजांनी ती आपल्या ऋतुचक्रातच गुंफलेली आहे.

बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता, आणि आजही जिल्ह्याचा दक्षिणेकडील सखल भाग गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीशी सोयरिकीने व बाजाराने जोडलेला आहे. दिवाळीनंतर एकेका गावात पाळीपाळीने भरणारी मंडई, म्हणजे दिवसा बाजार आणि रात्री दंडार किंवा नाटक असलेली जत्रा, या दोन्ही बाजूंना सारखीच ओळखीची आहे. बालाघाटहून घाट चढून बैहरच्या पठारावर आले, की हीच जत्रा ‘मडई’ होते. नाटकाची जागा नाचाची पथके घेतात आणि अहिरांचे दोहे, गोंडांचा सैला व बैगांचा करमा एकाच आवारात ऐकू येतो.

हा हंगाम हिवाळ्यातच का येतो, याचे उत्तर शेतीत आहे. कार्तिक-मार्गशीर्षात भात आणि कोदो-कुटकी ही बारीक धान्ये घरात येतात, पावसाने तुटलेल्या पायवाटा कोरड्या होतात, रात्री लांबतात आणि पाहुण्यांना जेवू घालण्याइतके धान्य कणगीत असते. पुढे मार्चमध्ये मोहाची फुले गळू लागली की पहाटेपासून सारे घर वेचणीला जुंपले जाते आणि रात्रभर जागणे परवडत नाही. या दोन कामांच्या मधल्या फटीत मोसमाचा मोठा भाग बसवलेला असतो. विजयादशमीपासून बैगांचा दसरा नाच सुरू होतो. गोंड पुरुषांचा सैला, म्हणजे हातातील दांड्यांच्या आघातावर चालणारा नाच, आणि स्त्रियांचा रीना दिवाळीच्या आगेमागे रंगतात. आणि पौष पौर्णिमेला येणाऱ्या छेरता या सणात मुले घरोघर नाचत धान्य मागतात.

या हंगामाचे खरे चलन म्हणजे एका गावाने दुसऱ्या गावाला दिलेली भेट होय. दसरा नाचात एका गावचे तरुण घेरदार वस्त्र, जाकीट आणि मोरपिसांचा तुरा लावलेले पागोटे अशा वेषात दुसऱ्या गावी जातात आणि तेथील स्त्रिया त्यांच्यासमोर रांग धरून करमा नाचतात. यजमान गावाने शेकोटी, पेज आणि जेवण पुरवायचे असते. या पाहुणचाराची परतफेड पैशाने होत नाही. आज जे गाव पाहुणे म्हणून आले, त्याने उद्या यजमान व्हायचे असते, आणि म्हणून प्रत्येक नाच पुढच्या नाचाचे आमंत्रण ठरतो.

नाच सुरू होण्याआधीची घटका जवळून पाहण्यासारखी असते. मांदर हे या परिसराचे प्रमुख वाद्य. मातीच्या लांबट खोडाच्या दोन्ही तोंडांवर कातड्याची पुडी चढवून ती वाद्यांनी, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांनी, आवळलेली असते आणि ते गळ्यात अडकवून दोन्ही हातांनी वाजवतात. पठारावरची थंडी आणि दव यांमुळे पुडी सैलावते व आवाज बसतो. म्हणून वादक मांदर शेकोटीच्या जवळ धरून सावकाश फिरवतो, मधूनच कान लावून बोटांची हलकी थाप देतो आणि घुमारा मनासारखा उमटेपर्यंत पुन्हा आगीकडे वळतो. ऊब कमी पडली तर नाद फुटत नाही आणि जास्त झाली तर कातडे तडकते, त्यामुळे हे काम अनुभवी हातांकडेच असते. टिमकी या लहान वाद्याचीही पुडी अशीच शेकावी लागते; ठिसकी हे वाद्य मात्र लाकडी असल्यामुळे तिला दवाची पर्वा नसते.

मांदर लागला की दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. स्त्रिया हातांत हात गुंफून किंचित वाकून पुढे येतात आणि त्याच लयीत मागे सरतात. मांदरवाले मधल्या मोकळ्या जागेत असतात आणि त्यांच्या थापेनुसार रांग जवळ येते किंवा लांब जाते. एका बाजूने ओळ टाकायची आणि दुसऱ्या बाजूने ती उचलून उत्तर द्यायचे, अशी गाण्याची रीत आहे. ददरिया या दोन ओळींच्या गीतप्रकारात तर सवाल-जवाब जागेवरच जुळवले जातात, त्यामुळे समोरचे गाव बदलले की गाणेही बदलते. येथे केवळ श्रोता म्हणून बसून राहणारा जवळपास कोणी नसतो. जो थकतो तो रांगेतून निघून शेकोटीपाशी बसतो आणि त्याची जागा दुसरा घेतो.

या गीतांची सुरुवातीची मोठी नोंद करणाऱ्यांमध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आलेले शामराव हिवाळे होते, ही मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट आहे. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेलेले व्हेरियर एल्विन यांच्यासह १९३२ साली ते मैकलच्या परिसरातील करंजिया येथे राहावयास आले. दोघांचा ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ हा संग्रह १९४४ साली प्रसिद्ध झाला. गोंडांच्या घरी बाना हे तीन तारांचे वाद्य घेऊन जाणाऱ्या आणि वंशकथा गाणाऱ्या परधान गायकांवर हिवाळे यांनी १९४६ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गाणाऱ्यांच्या शेजारी वर्षानुवर्षे राहून ही गीते गोळा झाली, हे त्या कामाचे मोठे बळ आहे.

आज हीच कला मोठ्या मंचांवरही दिसते. भोपाळमध्ये प्रजासत्ताक दिनापासून भरणाऱ्या ‘लोकरंग’ महोत्सवात अशी पथके नाचतात, आणि बैगा नृत्याचे कलावंत अर्जुनसिंह धुर्वे यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हा सन्मान सर्वथा योग्य आहे. तरीही मंचावर नाचाला मोजकी मिनिटे मिळतात, प्रेक्षक अंधारात बसतो आणि समोरून उत्तर देणारी रांग नसते. दुसरीकडे मडईत डीजेच्या भिंतींपुढे मांदराचा घुमारा ऐकूच येत नाही. दोन्ही ठिकाणी गाणे टिकते, परंतु सवालाला जवाब देणारे दुसरे गाव नाहीसे होते.

म्हणून या कलेचे जतन करू पाहणाऱ्यांनी मंच आणि ध्वनिमुद्रण यांबरोबरच भेटीची ही साखळी जपली पाहिजे. मांदर घडवणाऱ्या कारागिराला काम मिळावे, मडईत काही वेळ तरी ध्वनिवर्धक बंद राहावेत, शाळांच्या वेळापत्रकात छेरत्याला जागा असावी आणि पाहुण्या गावाच्या प्रवासखर्चाला पंचायतीने हातभार लावावा, या मागण्या लहान आहेत, पण त्यांचा परिणाम दूरवर पोहोचू शकतो. हिवाळ्यात संगीताच्या शोधात बैहरला जाणाऱ्या रसिकानेही हे ओळखावे, की येथे तिकिटाऐवजी सहभाग मागितला जातो, आणि रांगेत हात गुंफणारा प्रत्येक जण त्या मैफलीचा देणेकरी होऊनच परततो.