चित्र पाहताना : पाच माणसं, पाच गलबतं

गेल्या आठवड्यात आपण इंग्रज चित्रकार टर्नरची वादळात सापडलेली आगबोट पाहिली. १८४२ सालच्या त्या चित्रात पाणी आणि आभाळ एकमेकांत मिसळून गेलं होतं. आज पाहायचंय ते त्याच्याच वयाच्या जर्मन चित्रकाराचं, कास्पार डेव्हिड फ्रीडरिशचं चित्र. इथे साधी लाटही उठत नाही. ‘आयुष्याचे टप्पे’ हे नाव चित्राला मागाहून मिळालं. साधारण १८३५ चं हे तैलचित्र लाइपझिगच्या कलासंग्रहालयात आहे.

जागा आहे ग्राइफ्सवाल्डजवळचा बाल्टिक किनारा. फ्रीडरिश ग्राइफ्सवाल्डचाच, जन्म १७७४ चा. पुढची हयात ड्रेस्डेनमध्ये गेली, पण गावाकडचं बंदर त्याच्या चित्रांत येतच राहिलं. इथे सांज झाली आहे. क्षितिजापाशी पिवळा उजेड आणि वर चढत गेलेला जांभळा रंग. किनाऱ्यावर पाच माणसं, पाण्यात पाच गलबतं. काठी टेकत निघालेला पाठमोरा म्हातारा म्हणजे स्वतः फ्रीडरिश, आणि बाकीचे त्याची मुलं व पुतण्या, असं मानतात.

पाचाला पाच, म्हणून कुठलं गलबत कोणाचं याच्या जोड्या लावायचा मोह प्रत्येकाला होतो. अभ्यासकांनी त्या भरपूर लावल्या आहेत. मला विचाराल तर तो खेळ थोडा लांबणीवर टाकावा आणि आधी मधल्या मोठ्या गलबताकडे पाहावं. ते थेट आपल्या समोर तोंड करून आहे. गलबत बाजूने दिसलं की त्याचा रोख कळतो, ते चाललंय हे जाणवतं. समोरून पाहिलं की लांबी दिसत नाही, गती दिसत नाही. जवळ येत असलं तरी ते उभंच वाटतं. चित्रातली शांतता मुख्यतः इथून येते. उंच सरळ डोलकाठी आणि तिला छेदणारी आडवी काठी मिळून क्रूसही तयार होतो. फ्रीडरिश श्रद्धाळू प्रोटेस्टंट होता, त्यामुळे हा योगायोग नसावा.

आता मुलांच्या हातातली इवलीशी पताका पाहा. ती स्वीडनची आहे! चित्रकाराच्या जन्माच्या वेळी ग्राइफ्सवाल्ड स्वीडनच्या अमलाखाली होतं. १८१५ मध्ये ते प्रशियाकडे गेलं. त्यानंतर वीसेक वर्षांनीही तो मुलांच्या हाती जुना झेंडा देतो. धाकट्या मुलाचं नावही त्याने स्वीडनच्या राजावरून गुस्ताव अडॉल्फ ठेवलं होतं. म्हाताऱ्याचं गाव आता फक्त मुलांच्या खेळात उरलं आहे. मला या चित्रात सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट हीच वाटते.

१८३५ च्या जूनमध्ये फ्रीडरिशला पक्षाघाताचा झटका आला. मोठी तैलचित्रं जवळजवळ थांबली आणि तो पुन्हा जलरंग आणि सेपिया या तपकिरी शाईकडे वळला. सेपियातल्या चित्रांनीच १८०५ मध्ये त्याला वायमारच्या स्पर्धेत बक्षीस मिळवून दिलं होतं. पुढच्या आठवड्यात ती पाहू.